एअर रायफलच्या दस्त्याचा स्क्रू सारखा सैल होतोय? आधी लाकूड बघा

गेल्या चवथीत डिचोलीचा एक मित्र रायफल कव्हरसकट घेऊनच घरी आला. म्हणाला, पुढचा स्क्रू वीस-पंचवीस पेलेट मारली की बोटाने फिरतो एवढा सैल होतो, आणि दरवेळी मी आधीपेक्षा जास्त जोर लावून आवळतो तरी तेच. बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसून बघितलं तर स्क्रूच्या डोक्याची खाच खाल्लेली आणि डोकं लाकडात चांगलंच रुतलेलं. मी त्याला तिथेच सांगितलं, बाबा तुझा स्क्रू सैल होत नाहीये, त्याच्या खालचं लाकूड दबत चाललंय, आणि तू जेवढा जोर लावतोस तेवढं ते जास्त दबतंय.

हे मी स्प्रिंगवाल्या, बॅरल मधून वाकवून भरायच्या एअर रायफलबद्दल लिहितोय, आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते. बागायत राखायला लायसन्सची काडतुसाची बंदूक असेल तर ती घरी खोलत बसू नका, लायसन्स असलेल्या गन रिपेअरवाल्याकडेच न्या, आर्म्स अ‍ॅक्ट 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला वेगळं लायसन्स लागतं ते उगाच नाही.

आता हे होतं का ते समजून घ्या, कारण ते समजलं की अर्धं काम झालं. स्प्रिंगच्या रायफलला झटका दोनदा बसतो. ट्रिगर दाबल्यावर पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर जाऊन अडला की रायफल पुढे ओढली जाते. प्रत्येक पेलेटला असे उलटसुलट दोन धक्के, शिवाय स्प्रिंगची थरथर वेगळी, आणि हे सगळं तीन-चार स्क्रूंवर येतं. त्यात आपला गोव्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग लाकूड कसं सुटेल? दस्ता फुगतो, पण स्क्रूचं डोकं लोखंडी, ते जागचं हलत नाही, म्हणून डोक्याखालचे लाकडाचे धागे चेचले जातात. मग ऑक्टोबरनंतर लाकूड सुकून आकसतं पण चेचलेले धागे काही परत वर येत नाहीत, आणि स्क्रूखाली बारीक फट राहते. म्हणून भर पावसात आवळलेला स्क्रू डिसेंबरात सैल सापडतो.

कामाला हात लावायच्या आधी रायफल रिकामी आहे का आणि स्प्रिंग सुटलेली आहे का ते दोनदा बघा. कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून ठेवलेली, रायफल दस्त्यातून काढायची नाही, आणि बॅरल उघडी असताना ट्रिगरला बोट लावायचं नाही, बॅरल जोरात वर उसळते आणि बोटं मध्ये असली तर चेचतात. घरातली मुलं असतील तर त्यांना त्या वेळेपुरतं आत पाठवा.

पेचकसाचं आधी सांगतो कारण निम्मी वाट तिथेच लागते. बाजारातल्या साध्या चपट्या पेचकसाचं टोक निमुळतं असतं, ते खाचेत वरवर बसतं आणि जोर लावला की उसळून बाहेर येतं, मग खाच पण जाते आणि दस्त्यावर ओरखडा पण. खाचेच्या रुंदीला आणि जाडीला बरोबर भरेल असा पेचकस हवा. मी एक जुना पेचकस घेऊन त्याच्या टोकाच्या दोन्ही बाजू कानशीने घासून सरळ समांतर केल्यात, चार वर्षं तोच वापरतोय. एलन की वाला स्क्रू असेल तर चावी झिजलेली नको, एवढंच.

सगळे स्क्रू काढा आणि कुठला कुठून निघाला ते कागदावर चिकटवून लिहून ठेवा, कारण लांबी वेगळी असू शकते. ही लांबी महत्त्वाची. कधीकधी स्क्रू जरासा लांब असतो आणि भोकाच्या तळाला टेकतो, हाताला वाटतं छान घट्ट झाला, पण तो दस्त्याला दाबतच नसतो! तपासायला स्क्रू दस्त्याशिवाय नुसता रायफलमध्ये फिरवा, किती आत जातो ते बघा आणि लाकडाच्या जाडीशी जुळवा. लांब वाटला तर खाली एक वॉशर घाला नाहीतर टोक कानशीने थोडं कमी करा.

मग आटे साफ करा. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्क्रूचे पण आणि आतले पण, कारण रायफलला लावलेलं तेल आट्यात झिरपलेलं असतं आणि तेलकट आट्यावर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा पातळ गोंद, नीट धरत नाही. सुकल्यावर, शेवटी स्क्रू परत जोडताना, निळा थ्रेडलॉकर, म्हणजे लॉकटाइट 243 सारखा, एकच थेंब, टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर. स्क्रू अगदी बारीक असेल तर जांभळा 222 पुरतो. लाल घेऊ नका, तो सोडवायला स्क्रू चांगलाच तापवावा लागतो आणि शेजारी लाकूड आहे. झटपट चिकटणारा गोंद पण नको. थ्रेडलॉकर धातू-धातूच्या मध्ये हवा नसेल तिथेच घट्ट होतो, त्यामुळे लाकडात ओतून काही उपयोग नाही. आवळल्यावर 24 तास रायफल कॉकसुद्धा करू नका.

डोक्याखालचं लाकूड थोडंच दबलं असेल तर डोक्याच्या आकाराचा वाटीसारखा वॉशर बसवा, जोर मोठ्या जागेवर पसरतो. दातेरी वॉशर पण येतो, पण तो लोखंडावर ठीक, नुसत्या लाकडावर दात रुतून आणखी खड्डा करतात.

जास्त दबलं असेल तर मात्र अ‍ॅराल्डाइटचं काम करावं लागतं आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण एकदा नीट केलं की वर्षानुवर्षं बघायला नको. ट्रिगर गार्डच्या स्क्रूचं भोक थोडं मोठं करून त्यात अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची नळी अ‍ॅराल्डाइटने चिकटवून बसवायची, स्क्रू आतून सहज जाईल एवढी. नळीची लांबी तिथल्या लाकडाच्या जाडीएवढीच हवी, लांब झाली तर दस्ता खुळखुळतो, आखूड झाली तर भार परत लाकडावर. मग स्क्रूचं डोकं नळीवर आणि नळी रायफलच्या लोखंडावर, मधलं लाकूड फुगो की आकसो. अ‍ॅराल्डाइट लावायच्या आधी स्क्रूला आणि रायफलच्या लोखंडाला बूटपॉलिशचा जाड हात मारा नाहीतर सगळं कायमचं चिकटेल. स्क्रू हलकेच लावून पूर्ण दिवस सोडून द्या. भोक पाडायची भीती वाटत असेल तर गावातल्या मेस्ताकडे (सुताराकडे) न्या, फक्त दस्ता न्या, रायफल घरी ठेवा. आणि हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा, लाकूड फुगलेलं असताना माप चुकतं.

दस्ता उघडाच आहे तर आतली बाजू पण बघा. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आत कोरं लाकूड, असंच बहुतेक दस्त्यांचं असतं, आणि ओल आतूनच शिरते. डबल बॉइल्ड लिनसीड तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकू देऊन. तेलाचा फडका गोळा करून कोपर्‍यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा. दस्ता उन्हात तापवून सुकवायला तर अजिबात जाऊ नका, तडा जातो.

परत जोडताना पुढचे दोन बाजूचे स्क्रू थोडा हा थोडा तो असं आळीपाळीने, मग ट्रिगर गार्डचे. पेचकस तीन बोटांत धरून थांबेपर्यंत, त्यानंतर अगदी किंचित. मुठीने जोर नाही.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून लाकडावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. मग 10 मीटरवर कागद लावून पन्नास पेलेट मारा. रेघ सरळ आहे आणि भोकं एकत्र पडतायत तर झालं. रेघ तुटली तर रायफलमधले आटेच गेलेत, मग लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. माझ्या मित्राच्या रायफलची रेघ शिगम्याला बघितली, होती तशीच आहे.