निवडणुकीच्या हंगामात विनोदी स्तंभ कसा लिहावा

लहान गावातील उदारमतवादी स्तंभलेखकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सकाळी ज्या उमेदवाराची खिल्ली उडवली तोच संध्याकाळी रस्त्यात समोर उभा ठाकणार आहे. म्हणून टोला त्याच्या रूपावर न हाणता आश्वासनावर हाणावा आणि ते आश्वासन शब्दशः द्यावे, कारण पुष्कळदा त्यात पदरची भर घालावीच लागत नाही. विनोदाला नेमका तपशील हवा. १८१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या संमतीने आखलेल्या वेड्यावाकड्या मतदारसंघाच्या नकाशाला बोस्टनच्या एका वृत्तपत्रात पंख व नखे जोडून छापले गेले आणि ‘गेरीमँडर’ (गेरी आणि सरड्यासारखा दिसणारा सॅलमँडर यांची जोड; अर्थ, आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणे) हा शब्द कायमचा रुजला. आपल्या आवडत्या पक्षालाही (हे जिवावर येते) अधूनमधून चिमटा काढावा. मजकूर पाठवण्यापूर्वी नावे व आकडे पुन्हा तपासावेत.