पेलेट स्मोकर कोकणात आणलात? मग या चुका टाळा

पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या गोळ्या जाळून धुरावर मासे-मांस शिजवणारं विजेवरचं यंत्र, १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जन्मलं. त्याची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने रत्नागिरीचा जुलै पाहिलेला नसतो. त्यामुळे स्मोकर विझला, तापमान चढेना किंवा धूर कडवट यायला लागला की पुस्तिका कंट्रोलर, म्हणजे तापमान सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलायला सांगते आणि आपण बदलतोही. त्याआधी हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीत, हात घालून बघा. किनाऱ्यावरच्या बहुतेक तक्रारी दमट हवेच्या नाहीतर विजेच्या असतात.

सादळलेल्या पेलेट

पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. त्याला लाकडातलंच लिग्निन धरून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. चांगली पेलेट गुळगुळीत, चकचकीत असते आणि मोडली की टक्क आवाज होतो. सादळलेली पेलेट आवाज न करता वाकते आणि बोटांना भुसा लागतो. असा माल ऑगरमध्ये, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये गेला की फुगतो आणि पुढे वाळून सिमेंटसारखा घट्ट बसतो. मग मोटर गुणगुणते, स्क्रू मात्र हलत नाही. अशा वेळी लोक मोटर बदलतात. खरं तर प्लग काढून, मोटर सोडवून स्क्रू उलटा फिरवत बाहेर काढला आणि नळी खरवडली की बहुधा काम भागतं.

गोणीचं तोंड दुमडून पडवीत ठेवणं पावसाळ्यात पुरत नाही. रबरी रिंग आणि क्लॅम्प असलेला निळा ड्रम घ्या. जून ते सप्टेंबर हॉपरमध्ये रात्रभर माल ठेवू नका. उरलेला काढून घ्या आणि स्क्रूमधला शेवटपर्यंत जाळून टाका. फुगलेल्या पेलेट उन्हात वाळवून परत वापरायचा मोह होतो, पण त्यांचा भुसाच होतो. त्या चुलीत घाला.

राखही तितकीच त्रासदायक. राख हवेतलं पाणी ओढते आणि तिच्यात खारी हवा मिसळली की फायरपॉटचा, म्हणजे पेलेट जळतात त्या वाटीचा, पत्रा आतून खायला लागते. राख पूर्ण थंड झाल्यावर दर वेळी काढा. गरम स्मोकरवर ताडपत्री करकचून बांधली तर आत घाम सुटतो. आधी निवू द्या आणि खालून हवा खेळती राहील असं झाका.

विजेची गणितं

अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने आणलेला स्मोकर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. सरळ लावला तर इग्नायटर रॉडवर, म्हणजे पेलेट पेटवणाऱ्या तापत्या कांडीवर, साडेतीन पटींहून जास्त पॉवर पडते, म्हणजे २०० वॅटचा रॉड ७०० वॅटच्या वर जातो आणि जळतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की लोक निश्चिंत होतात, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. जुन्या एसी मोटरचा स्क्रू ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के हळू फिरतो, पेलेट कमी पडतात आणि तापमान खाली राहतं. पंखाही मंदावतो. अशा मशीनमध्ये दोन पेलेट-टप्प्यांमधला थांबा कमी करायची सेटिंग असेल तर ती वापरा. डीसी मोटरच्या नव्या मॉडेलमध्ये हा प्रश्न येत नाही.

पावसाळ्यात चालू करताच ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो, ही तक्रार हमखास येते. अर्थिंग ठीक असेल तर संशय इग्नायटरवर घ्या, कारण रॉड ओल धरतो आणि गळती होते. प्लग काढून रॉडची वायर कंट्रोलरपासून सोडवा, मग चालू करून बघा. आता ईएलसीबी टिकला तर दोष रॉडचाच. मल्टिमीटर असेल तर २३० व्होल्टच्या २०० वॅट रॉडचा रोध साधारण २६५ ओहम दिसला पाहिजे. ईएलसीबी बायपास करून काम चालवणारे इलेक्ट्रिशियन भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

लाईट गेली तेव्हा

सगळ्यात धोक्याची चूक इथेच होते. लाईट जाते, पंखा बंद पडतो, फायरपॉटमधल्या पेलेट धुमसत राहतात आणि कधी आग स्क्रूमधून मागे हॉपरकडे सरकते. अर्ध्या तासाने लाईट येते आणि आपण उत्साहाने पुन्हा चालू करतो. अर्धवट जळलेल्या ढिगावर नव्या पेलेट पडतात, आत दाट पिवळट धूर साठतो आणि तो एकदम पेटतो. झाकण उचललं जातं. म्हणून पुन्हा चालू करण्याआधी झाकण उघडा, जाळी आणि खालचा पत्रा काढा, निवल्यावर फायरपॉट रिकामा करा, मगच पेटवा. शुद्ध साइन वेव्हचा घरगुती इन्व्हर्टर इथे आपला खर्च वसूल करतो. एकदा पेटल्यावर पंखा आणि मोटरला थोडेच वॅट लागतात, २०० ते ३०० वॅटची ओढ पेटवतानाच असते.

बदल करताना

फॅब्रिकेशनवाल्याकडे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचे तुकडे पडलेले असतात आणि तो तेच लावून देतो. आत जीआय चालत नाही, जास्त तापल्यावर जस्ताची वाफ येते. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. समुद्र अगदी समोर असेल तर बाहेरच्या भागांना ३१६ चांगलं. दारातून जरा धूर निघतो म्हणून सगळ्या फटी आणि चिमणीही बंद करणारे असतात. चिमणी आवळली की धूर आत कोंडतो आणि मासा डांबरट लागतो. झाकणाला दोरीची गॅस्केट पुरे.

धूर कमी वाटला तर छिद्रांची स्टीलची नळी सगळ्यात स्वस्त. त्यात पेलेट भरा, एका टोकाला ज्योत पाच-दहा मिनिटं धरू द्या आणि फुंकून विझवा, मग ती धुमसत राहते. वखारीतला भुसा हॉपरमध्ये मुळीच नको. त्यात प्लायचा, रंगवलेल्या लाकडाचा भुसा असतो आणि तो नीट सरकतही नाही. बॉयलरच्या पेलेट आणि काजूची टरफलंही बाहेरच ठेवा, कारण टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि त्याचा धूर घशाला झोंबतो.

राहिला मासा. खारवलेला बांगडा पुसून लगेच आत टाकला तर धूर ओल्या कातडीवर काळा बसतो. आपल्या दमट हवेत तो आपोआप सुकत नाही. फ्रीजमध्ये जाळीवर उघडा ठेवा नाहीतर थोडा वेळ टेबल फॅनसमोर धरा. बोटाला चिकट लागायला हवा, ओला नाही. माशाच्या आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसवर गेलं की झाला. बंदरावरून आणताना मात्र बर्फातच आणा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही, धुरी देऊनही नाही.