लॅपटॉपची हार्डडिस्क अचानक गेली तर : आधीच करून ठेवायची तयारी

आधी कागद-पेन घेऊन बसा, लॅपटॉप बंदच असू दे, आणि आठवून लिहा की हा लॅपटॉप आत्ता या मिनिटाला गेला तर त्याच्याबरोबर काय काय जाईल. सगळेजण पहिल्यांदा फोटो लिहितात आणि ते बरोबरच आहे, पण नंतर जास्त अडतं ते ज्या गोष्टी आपल्याला फाइल म्हणून आठवतच नाहीत त्यांच्यामुळे, म्हणजे टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड, स्टिकी नोट्स, डाउनलोड्समध्ये तसेच पडून राहिलेले सातबारे, जुने आयटीआर, मुलांचे मार्कशीट स्कॅन. मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, डिस्क उडालेली माणसं रोज समोर बसतात आणि "नक्की काय पाहिजे आहे त्यातलं?" असं विचारलं की बहुतेकांना पटकन सांगताच येत नाही, "सगळंच पाहिजे" एवढंच म्हणतात. मरायला टेकलेल्या डिस्कमधून सगळंच निघेल याची खात्री नसते, आधी काय काढायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायची वेळ डिस्क चांगली असतानाच. म्हणून यादी. कागदावर, लॅपटॉपमध्ये नको.

मग तुमच्याकडे कुठली डिस्क आहे ते बघून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. हे माहीत असणं महत्त्वाचं कारण दोघींच्या जाण्याच्या तऱ्हा वेगळ्या. जुनी फिरणारी हार्डडिस्क बहुतेक वेळा सांगून जाते, साधा फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागतो, एखादी फाइल कॉपी करताना तिथेच अडकते, टास्क मॅनेजरमध्ये काही काम चालू नसताना डिस्क शंभर टक्के दाखवते, आणि शेवटी शेवटी आतून टक्... टक्... टक्... असा एका लयीत आवाज यायला लागतो. आत काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तो आवाज म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये, ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन प्रयत्न करतंय. तो ऐकू आला की त्या डिस्कवर "अजून एकदा चालू करून बघू" हा विचारसुद्धा करायचा नाही. एसएसडी म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क, तिचं मात्र तसं नाही. काल रात्री नीट बंद केला आणि आज सकाळी डिस्क डिटेक्टच होत नाही, आवाज नाही काही नाही, असं सर्रास होतं. शिवाय डिलीट झालेल्या फाइलींची जागा आतून साफ करून टाकणारी ट्रिम नावाची सोय चालू असते त्यामुळे एसएसडीवरून चुकून डिलीट केलेली फाइल बहुतेक वेळा परत मिळत नाही, जुन्या हार्डडिस्कवर निदान आशा असायची. एसएसडी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, माझ्या मते त्यांनीच बॅकअप जास्त नेमाने घ्यायला पाहिजे.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडा. निळं दिसलं तर ठीक, पिवळं झालं तर त्याच दिवशी बॅकअप आणि नवीन डिस्कची सोय. फिरणारी डिस्क असेल तर यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या, त्यांची रॉ व्हॅल्यू शून्य असायला पाहिजे, सी५ वाढत चालला असेल तर डिस्कला काही जागा वाचताच येत नाहीयेत. पण सगळं निळं असूनही दुसऱ्या दिवशी गेलेल्या डिस्क मी बघितल्यात, तेव्हा निळा रंग बघून बॅकअप पुढे ढकलू नका.

आता मुख्य काम, कॉप्या. फोटोवाले लोक वर्षानुवर्षं एक नियम पाळतात, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापराला याचा अर्थ एवढाच की एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा भावाकडे, बहिणीकडे दुसऱ्या गावात ठेवलेल्या डिस्कवर. घराबाहेरची प्रत हे लोकांना जरा जास्तच वाटतं, पण २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घरात शिरलं तेव्हा लॅपटॉप आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात होती. आणि पुराचं सोडा, किती जण लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच सॅकमध्ये घालून एसटीत वरच्या रॅकवर टाकतात, सॅक गेली की दोन्ही गेलं. बाहेरची डिस्क कायम लॅपटॉपला लावूनही ठेवू नका, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर लावलेल्या डिस्कवरच्याही लॉक होतात. बॅकअप घ्या, सेफली रिमूव्ह करा, काढून ठेवा. पेनड्राइव्ह हा बॅकअप धरू नका, तो ने-आण करायला आहे.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, मॅकमध्ये टाइम मशीन आहे, दोन्ही फुकट, दोन्ही एकदा सेट केलं की डिस्क लावल्यावर आपोआप चालतात, तेवढं आजच करा. मॅकवाल्यांना तर पर्यायच नाही, गेल्या काही वर्षांतल्या मॅकबुकमध्ये डिस्क बोर्डावरच सोल्डर केलेली आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते, बोर्ड गेला की डिस्क काढून दुसरीकडे लावणं हा मार्गच उरत नाही.

क्लाउडबद्दल एक गैरसमज फार आहे. नवीन लॅपटॉप सेट करताना विंडोज बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये नेऊन ठेवतं आणि लोकांना वाटतं की आपलं सगळं वर जातंय, पण वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी आणि गूगलवर १५ जीबी, त्यातही जीमेल आणि गूगल फोटो धरून. जागा भरली की सिंक, म्हणजे लॅपटॉपवरचं आपोआप वर जाणं, थांबतं, कोपऱ्यात एक छोटी खूण येते, कुणी बघत नाही आणि पुढचं वर्षभराचं काम फक्त लॅपटॉपमध्येच राहतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर लॉगिन करून बघा, गेल्या आठवड्यात केलेली फाइल तिथे दिसते का. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हेही ध्यानात ठेवा, लॅपटॉपवर डिलीट केलं की तिकडूनही जातं, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, मग कायमचं गेलं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायची आहे कारण इथे डिस्क चांगली असूनही डेटा जातो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, तुम्हाला कुणी विचारत नाही. रोजच्या वापरात काहीच कळत नाही. मग मदरबोर्ड जातो, डिस्क काढून मी दुसऱ्या मशीनला लावतो आणि ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की नसेल तर कुणीही, कितीही पैसे घेऊन, काही करू शकत नाही. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, पण लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच एखाद्या ईमेलने अकाउंट उघडून दिलेलं असतं, नाहीतर कॉलेजच्या ईमेलने, जो पास झाल्यावर बंद होतो. तर आजच बघा, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का, अकाउंट कुठल्या ईमेलचं आहे, त्याचा पासवर्ड तुम्हाला येतो का, त्यात की दिसते का. दिसली की ते ४८ आकडे प्रिंट काढून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, मोबाइलवर फोटो काढून तेवढ्यावर थांबू नका.

ज्यांचं मराठी लिखाणाचं, डीटीपीचं काम आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. श्रीलिपी, आयएसएम वगैरेंच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली नुसत्या वाचवून भागत नाही. डिस्क गेली, फाइल बॅकअपमधून मिळाली, नवीन लॅपटॉपवर उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग, कारण तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, त्याचं इन्स्टॉलर कुठल्यातरी जुन्या सीडीवर होतं. एका निवृत्त मास्तरांची अशी आख्खी गावाच्या इतिहासाची फाइल माझ्यासमोर उघडली होती, पानांवर पानं, आणि मराठी अक्षर एकही नाही. फॉन्ट मिळवायला जुन्या छापखान्यात फोन करावे लागले तेव्हा ती वाचता आली. तेव्हा फॉन्टच्या फाइली बॅकअपमध्ये घ्या, प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराची एक पीडीएफ करून ठेवा आणि जमेल तसं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा रूपात, बदलून त्याचीही एक प्रत ठेवा.

बॅकअप घेतला की तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, हे यादीतलं सगळ्यात टाळलं जाणारं काम. घरातल्या कुणाच्या तरी लॅपटॉपला डिस्क लावा आणि एक फोटो, एक वर्ड फाइल, एक एक्सेल, टॅली असेल तर एक कंपनी रिस्टोअर करून बघा. लोक डेस्कटॉपवरचे आयकॉन सिलेक्ट करून पेनड्राइव्हवर टाकतात, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, म्हणजे ते शॉर्टकट असतात, एकेक केबीचे, आत काहीच नसतं, पण नावं सगळी बरोबर दिसतात त्यामुळे बॅकअप झाला असं वाटतं. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. लॅपटॉपमध्ये ४० जीबी आणि बॅकअपमध्ये ३०० केबी असेल तर लगेच कळेल.

थोडं सामानही आणून ठेवा, फार खर्चाचं नाही. लॅपटॉपच्या डिस्कइतकी किंवा मोठी एक रिकामी डिस्क, उबुंटू ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेला एक पेनड्राइव्ह (विंडोज चालू होत नसेल तरी त्यावरून मशीन चालू करून फाइली कॉपी मारता येतात), आणि काढलेली डिस्क यूएसबीने दुसऱ्या मशीनला लावायला, तुमच्या डिस्कच्या जोडणीच्या प्रकाराप्रमाणे, साटाची यूएसबी केबल किंवा एनव्हीएमईचं केसिंग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे सहज मिळतं, ऑनलाइनही मिळतं, घेताना आपली डिस्क साटा की एनव्हीएमई ते विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष तो दिवस आला तर. आवाज येत असेल, पडला असेल, पाणी गेलं असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा आणि परत चालू करू नका, प्रत्येक वेळी चालू केलं की हेड तबकडी घासत असू शकतं आणि घासलेला भाग परत येत नाही. "फॉरमॅट करा" असा मेसेज आला तर कॅन्सल. चेकडिस्क चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर ते दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींची व्यवस्था विस्कटून टाकतं. नवीन विंडोज टाकून घेऊ नका, आणि दुरुस्तीला देताना "डेटा पाहिजे आहे, फॉरमॅट मारायचा नाही" हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून लोक सांगतात, आत दव धरतं, करू नका. घरी उघडू तर मुळीच नका.

आवाज नसेल आणि डिस्क दुसऱ्या मशीनला दिसत असेल तर त्या कागदावरच्या यादीतलं पहिलं आधी कॉपी करा, पूर्ण सी ड्राइव्ह ओढू नका. जमणाऱ्या माणसाकडून जीएनयू डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून घेणं सगळ्यात चांगलं, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांना शेवटी हात लावतं, कुठवर आलं त्याची नोंद ठेवतं, मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू होतं. मग टेस्टडिस्क, फोटोरेक अशी गेलेल्या फाइली शोधून काढणारी जी काही सॉफ्टवेअर चालवायची ती त्या इमेजवर. फोटोरेकने काढलेल्या फाइलींची नावं जातात, सगळे नंबर येतात, हजारो फोटो हाताने लावायला लागतात, तयारी ठेवा. आणि काढलेला डेटा कधीही त्याच डिस्कवर सेव्ह करायचा नाही.

आवाज असेल तर थेट रिकव्हरी लॅब, जिथे धूळविरहित क्लीन रूम आहे आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवतात. देण्याआधी विचारा, तपासायचे किती, डेटा निघाला नाही तर किती, निघालेल्या फाइलींची यादी पैसे भरायच्या आधी दाखवणार का, मला न विचारता डिस्क उघडणार का. वॉरंटीत असेल तर कंपनी डिस्क बदलून देते, डेटाची जबाबदारी घेत नाही आणि जुनी डिस्क बहुधा ठेवून घेते, त्यामुळे डेटा पाहिजे असेल तर आधी लॅब, मग वॉरंटी, आणि लॅबने उघडल्यावर वॉरंटी राहते का तेही कंपनीला आधी विचारून घ्या.

नवीन डिस्क बसली की त्यात डेटा भरायच्या आधी बॅकअप चालू करा. जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका, तिच्यावर तारीख आणि काय झालं होतं ते लिहून चिठ्ठी चिकटवा आणि निदान एक आर्थिक वर्ष सांभाळा, कारण काहीतरी राहून गेलंय हे जुलैत रिटर्न भरताना किंवा अॅडमिशनच्या वेळी आठवतं. त्यानंतर द्यायची झाली तर डिस्क फोडून द्या, बंद पडलेल्या डिस्कवरही तुमचं आधार आणि पासबुक असतं.