साताऱ्या-सांगलीहून न्यू जर्सीला येताय? गाडीच्या भीतीबद्दल आधी वाचा

आपल्याकडची मंडळी इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला येतात आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, ताई, स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटतो. पोवई नाक्याच्या गर्दीतनं गाडी काढलेली, यवतेश्वरचा घाट रात्रीचा उतरलेली माणसं ही, त्यांना गाडी येत नाही असं कसं म्हणू? झोप उडालेली, जेवणाला वेळ नाही, दिवसभर बोलायला कुणी नाही, आणि हे सगळं गाडीत बसलं की वर येतं. म्हणून आधी दिवसाची घडी बसवा.

झोपेचं मी परत परत सांगणार. इथलं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात ९.५ तास आणि हिवाळ्यात १०.५, म्हणजे अंगाला दिवसाची रात्र वाटते. सलग १७-१८ तास जागं राहिलं की माणूस थोडी दारू प्यायल्यासारखी गाडी चालवतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. ओळखीतला एक सांगलीचा मुलगा उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाड्याची गाडी घेऊन टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या मोठ्या हायवेवर गेला, डुलकी लागली आणि रेलिंगला घासला. अंगावर ओरखडा नाही, पण इन्शुरन्स नको म्हणाला होता त्यामुळे सगळं बिल खिशातनं, आणि नंतर कित्येक महिने त्याने किल्लीला हात लावला नाही. पहिला आठवडा हायवे नाही म्हणजे नाही, कुणी कितीही 'काही होत नाही' म्हणू दे.

उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवा, उठल्या उठल्या बाहेर उजेडात चालून या. आईला फोन सकाळी ८.३० ला करा, उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे ६ असतात, मग रात्र रात्र फोनवर जात नाही. दुपारनंतर कॉफी बंद, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच ५-एक तास लागतात आणि त्याची धडधड आपल्याला भीती वाटते.

आता गाडी. रोज, त्याच वेळी, त्याच रस्त्याने, १५-२० मिनिटं. सकाळी शाळेच्या बस गेल्या की निघा. सीट, आरसे, पट्टा, फोन कप्प्यात, मग ४ आकड्यांत श्वास घ्या आणि ६ आकड्यांत सोडा, असं पाच-सहा वेळा. श्वास सोडताना ठोके मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं. आधी घरामागची गल्ली, मग ओक ट्री रोड (शनिवार-रविवार नको, तिथे खरेदीची जत्रा असते), मग रूट २७, रूट १, पार्कवे (हाही टोलचा हायवेच) सगळ्यात शेवटी. मधेच छाती धडधडली तर एखाद्या पार्किंगमध्ये थांबा, शांत व्हा, पण घरी पळू नका, ठरलेला फेरा पुरा करूनच या. पळालात की भीती दुसऱ्या दिवशी मोठी होऊन बसते. 'आज नको, उद्या बघू' करत वर्षानुवर्षं दुधाच्या पिशवीसाठी नवऱ्याची वाट बघणाऱ्या आपल्या हुशार बायका मी बघितल्यात, फार वाईट वाटतं.

आणि नवऱ्याकडून शिकू नका. शेजारी बसून ओरडणारा माणूस असला की श्वासबिस काही उपयोगाचं नाही. पैसे मोजा, इन्स्ट्रक्टर लावा. पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) अपघाताच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांपासूनही लांब राहा.

घरात बसूनही धडधड होत असेल तर डॉक्टरकडे जा, थेरपिस्टकडे जायला इथे कुणी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका.

नियम इथल्या ड्रायव्हिंगच्या पुस्तकात आहेतच. तरी, बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर डावीकडे जायला आधी उजवीकडून बाहेर पडावं लागतं, त्याला जगहँडल म्हणतात, तिथे नवीन माणूस हमखास गडबडतो. पोलिसाने थांबवलं तर आपल्यासारखं उतरून बोलायला जाऊ नका, हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहा.

डिसेंबरात ४.३० ला सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळचा फेरा असेल तर तो दुपारी आणा. ऑक्टोबरपासून हरणं रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं असतंच, ब्रेक दाबा, पण गाडी बाजूला मारू नका.