इंटिग्रल समजून घ्यायचे असेल तर आधी पट्ट्या मोजा

सूत्रे तोंडपाठ असूनही इंटिग्रेशनची उत्तरे चुकतात, तेव्हा बहुतेक वेळा आपण कशाची बेरीज करतो आहोत हेच डोळ्यासमोर नसते. म्हणून पहिले गणित सूत्राला हात न लावता करा.

वाय = एक्स² चा आलेख ० ते ३ पर्यंत काढा. वक्राखालचे क्षेत्रफळ हवे आहे. तळाचे १ रुंदीचे तीन भाग पाडून प्रत्येकावर एक आयताकृती पट्टी उभी करा. पट्टीची उंची डाव्या कडेवरून घेतली तर बेरीज ० + १ + ४ = ५ येते; उजव्या कडेवरून घेतली तर १ + ४ + ९ = १४. वक्र चढता असल्याने डावी बेरीज कमी भरते, उजवी जास्त. खरे क्षेत्रफळ दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता पट्टीची रुंदी ०.५ करा. सहा पट्ट्यांच्या बेरजा ६.८७५ आणि ११.३७५ येतात. फरक ९ होता, तो ४.५ वर आला. असे होणारच होते: मधल्या सगळ्या उंच्या दोन्ही बेरजांत येतात, वेगळ्या असतात त्या फक्त पहिली (०) आणि शेवटची (९). म्हणून फरक नेहमी ९ × रुंदी. रुंदी ०.०१ केली की तो ०.०९ उरतो. रुंदी शून्याकडे नेली की दोन्ही बेरजा ज्या एका संख्येकडे सरकतात, ती संख्या म्हणजे इंटिग्रल. ∫ हे चिन्ह गणितज्ञ लायब्निझने १६७५ मध्ये वापरायला घेतले. बेरीज दाखवणारा तो लांबवलेला ‘एस’ आहे. शेवटचा डीएक्स म्हणजे पट्टीची रुंदी. तो लिहायचा राहिला तर पुढे नक्की अडते, कुठे ते खाली येईलच.

दर वेळी पट्ट्या मोजत बसावे लागत नाही. ० पासून एक्सपर्यंत साठलेले क्षेत्रफळ मनात धरा आणि उजवी कड किंचित पुढे सरकवा. भर पडते ती एका अरुंद पट्टीची, म्हणजे उंची × रुंदी. याचा अर्थ, क्षेत्रफळ वाढण्याचा दर तिथल्या उंचीइतकाच असतो. मग ज्याचे डेरिव्हेटिव्ह (म्हणजे वाढण्याचा दर) एक्स² आहे असे फंक्शन शोधा: एक्स³/३. वरची सीमा घालून ९, खालची घालून ०, वजाबाकी ९. वर काढलेल्या दोन्ही जोड्यांच्या मध्ये ते बसते. सीमा नसतील तर उत्तरापुढे ‘+ सी’ (कोणतीही स्थिर संख्या) लिहा; सीमा असल्या की तो वजाबाकीत उडतो.

आता घोळ कुठे होतो ते पाहू.

आलेख अक्षाखाली गेला की पट्टीची उंची ऋण होते. वेग ६ − २ट मीटर प्रति सेकंद असेल (ट म्हणजे सेकंदांतली वेळ), तर ० ते ५ सेकंदांचे इंटिग्रल ५ मीटर येते. हे विस्थापन झाले (सुरुवातीच्या जागेपासून शेवटी किती लांब पोहोचलो ते), कापलेले अंतर नव्हे. तिसऱ्या सेकंदाला वेग शून्य होऊन दिशा उलटते, म्हणून अंतर हवे असेल तर तिथे तुकडा पाडा: ० ते ३ मध्ये ९, ३ ते ५ मध्ये −४, ऋण चिन्ह सोडून एकूण अंतर १३ मीटर.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. १/एक्स² चे −१ ते १ इंटिग्रल सूत्राने −२ येते. फंक्शन सगळीकडे धन, मग बेरीज ऋण कशी? शून्यापाशी फंक्शन अनंताकडे जाते, तिथे हे सूत्र लावताच येत नाही. सीमांच्या मध्ये छेद कुठे शून्य होतो का, हे आधी बघा.

तिसरी चूक आदेश पद्धतीतली (सब्स्टिट्यूशन, म्हणजे फंक्शनच्या एखाद्या भागाला नवे अक्षर देणे). २एक्स(एक्स² + १)³ चे ० ते २ इंटिग्रल काढताना यू = एक्स² + १ घेतले, की २एक्स डीएक्स च्या जागी डीयू येतो (डीएक्स लिहिला नसेल तर गाडी इथेच अडते) आणि सीमाही बदलतात: ० च्या जागी १, २ च्या जागी ५. यू³ वरून यू⁴/४ मिळते, म्हणून उत्तर (६२५ − १)/४ = १५६. सीमा तशाच ठेवल्या तर ४ येते. एक्स १ ते २ असताना मूळ फंक्शन कुठेच १६ च्या खाली जात नाही आणि ० ते १ मध्ये ते ऋण होत नाही, त्यामुळे क्षेत्रफळ ४ असणे शक्यच नाही.