दुधीच्या मांडवाखाली पतंगांचे परागीभवन कसे पाहावे

दुधी भोपळ्याचे पांढरे फूल दिवस मावळताना उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मलूल होते. मधमाश्या पोळ्यात परतल्यानंतर त्याच्या नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोहोचवण्यात पतंगांचा मोठा वाटा असतो. कास पठारावरील हबेनारियासारखी पांढरी आमरीफुले (ऑर्किड), जी लांब नळीच्या तळाशी मकरंद साठवतात, तीही अशाच लांब सोंडेच्या पाहुण्यांची वाट पाहतात. मात्र त्यासाठी रात्री पठारावर जाण्याची गरज नाही; सातारा जिल्ह्यातील कोणत्याही गावात परसातील दुधीचा, पडवळाचा मांडव किंवा पपईचे झाड पुरेसे आहे.

जावळी-महाबळेश्वरकडे पावसाची झड लागलेली असताना हा प्रयत्न करू नये. तेथे पाऊस ओसरल्यानंतरच्या, तर माण-खटावात उघडीप मिळेल त्या बिनवाऱ्याच्या रात्री निवडाव्यात. सूर्यास्तापूर्वीच मांडवाखाली बसावे, म्हणजे कळ्या उमलतानाही दिसतात. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाची दुहेरी घडी रबराने बसवावी, कारण बहुतेक कीटकांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, आणि झोतही थेट फुलावर न टाकता शेजारच्या पानावर टाकावा.

येणाऱ्यांमध्ये दोन तऱ्हा सहज ओळखता येतात. हॉक मॉथ या गटातील दणकट पतंग बहुधा फुलावर बसत नाहीत. ते हवेत एकाच जागी तरंगत, घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून मकरंद घेतात. कान दिला तर त्यांच्या पंखांचा घुमणारा आवाजही येतो. लहान पतंग मात्र पाकळीवर उतरून आत शिरतात. पतंग फुलातून मागे सरकताना त्याचे डोके आणि सोंडेचा बुंधा नीट पाहावा. पराग चिकटला असल्यास तेथे फिकट पिवळसर पूड दिसते.

केवळ पाहण्यावर समाधान न मानता पुढील प्रयोग अवश्य करावा. ज्या कळीच्या देठाशी इवलासा दुधी असतो ती मादी कळी होय. त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या अशा काही कळ्या निवडून त्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटावर उमलण्यापूर्वी मलमलीच्या पिशव्या बांधून त्या पहाटे सोडाव्यात. दुसरा गट रात्रभर मोकळा ठेवून पहाटे, मधमाश्या येण्यापूर्वी, झाकावा. तिसरा अखेरपर्यंत मोकळाच ठेवावा. प्रत्येक देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा आणि जवळपास नर फुले उमलतील याची खात्री करावी. फळ न धरलेला दुधी काही दिवसांत पिवळा पडून गळतो, तर धरलेला फुगू लागतो. दुसऱ्या गटात धरलेली फळे ही रात्रीच्या पाहुण्यांची कमाई समजावी. एका रात्रीच्या मोजक्या फुलांवरून निष्कर्ष काढू नये. वेलाचा बहर असेपर्यंत हा प्रयोग पुन्हा पुन्हा करावा.

अंगणातला रात्रभर जळणारा पांढरा दिवा मात्र या कामात थेट अडथळा आणतो. स्वित्झर्लंडमधील कुरणांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिव्यांच्या उजेडातील फुलांना रात्री येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणून मांडवाकडील दिवा काम संपताच बंद करावा; बंद करणे शक्य नसेल तर वरून झाकण लावून उजेड जमिनीकडे वळवावा.

तगरीवर किंवा कण्हेरीवर पुढच्या भागात डोळ्यांसारखे निळसर-पांढरे ठिपके असलेला जाड हिरवा सुरवंट दिसला, तर तो मारू नये, ही कळकळीची विनंती आहे. तो एका देखण्या हॉक मॉथचा सुरवंट आहे, आणि त्याने खाल्लेली पाने झाड पुन्हा काढते. त्याचा कोश जमिनीलगतच्या पालापाचोळ्यात होतो, त्यामुळे झाडाखालचा पाचोळा पेटवू नये.

मधमाश्या वाचाव्यात म्हणून फवारणी संध्याकाळी करण्याचा सल्ला दिला जातो. इतर अनेक पिकांसाठी तो योग्य आहे; दुधी आणि पडवळावर मात्र त्याच वेळी फुले उमलत असतात. या वेलांवर फवारणी टाळता येतच नसेल, तर आदल्या रात्रीची फुले मिटल्यानंतर आणि नवी उमलण्यापूर्वी, दुपारचे ऊन कलताना ती उरकावी, आणि औषधाचे तुषार शेजारच्या फुलोऱ्यातील पिकावर जाणार नाहीत इतका वारा शांत आहे हे आधी पाहावे.