पडद्याच्या पॉलिएस्टरवर मातीचे थर

इचलकरंजीतल्या आमच्या लॅबमध्ये पडदेवाले येतात आणि म्हणतात, "साहेब, नॅनो मारून द्या, आग लागणार नाही." नॅनो म्हणजे इथे क्ले, मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे. नुसत्या नॅनोने आग थांबत नाही. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळून टपकतं आणि बऱ्याचदा थेंबाबरोबर ज्योतही खाली पडते. क्लेने टपकणं रोखलं आणि दुसरं काहीच केलं नाही, तर तेच कापड जागच्या जागी जास्त जळू शकतं. क्ले उष्णता अडवते, कोळशाचा थर धरून ठेवते. तो थर तयार करायला फॉस्फरस लागतो.

सुताच्या वितळीत क्ले घालणं स्पिनिंगवाल्यांचं काम. तिथे तापमान २८० च्या वर, आणि क्लेवरचं नेहमीचं सेंद्रिय आवरण २०० च्या आसपासच जळायला लागतं. आपण तयार कापडावर थर चढवू.

आधी कापड धुऊन तेल काढा. मग गरम, सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढा; पृष्ठभाग ऋणभारित होतो, म्हणून त्यावर धनभारित कायटोसान चिकटतं. जास्त वेळ ठेवलंत तर कापडाचं वजन आणि ताकद दोन्ही जातील. नीट धुवा.

तीन टब करा. पहिल्यात १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये अर्धा टक्का कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पदार्थ), रात्रभर ढवळलेलं. दुसऱ्यात १ टक्का शुद्ध सोडियम माँटमोरिलोनाइट, हीच आपली क्ले. ती ज्या मातीतून मिळते ते कच्छचं कच्चं बेंटोनाइट स्वस्त पडतं, पण त्यातली वाळू आणि लोह नको. तिसऱ्यात फॉस्फरससाठी १ टक्का अमोनियम पॉलिफॉस्फेट, पाण्यात विरघळणारंच घ्या. क्रम असा: कायटोसान, क्ले, पुन्हा कायटोसान, मग फॉस्फेट. प्रत्येक बुडीनंतर साध्या पाण्यात खळबळा, नाहीतर टबातच गुठळ्या होतात. पहिल्या बुड्या पाच मिनिटांच्या, नंतरच्या एकेक मिनिटाच्या. पाचेक फेऱ्या करून ८० अंशांवर वाळवा. आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवा; वजन वाढलंच नसेल तर पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही. क्लेची पावडर ओतताना मास्क लावा.

चाचणीला पट्टी उभी टांगा, खालून १२ सेकंद ज्योत द्या. तळाशी कापूस ठेवा, थेंबाने तो पेटतो का बघा. लेप न लावलेली पट्टीही शेजारी जाळा. हे सगळं फ्युमहूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात), पाण्याची बादली हाताशी ठेवून.

हा लेप धुण्यात टिकत नाही. रोज धुवायच्या गणवेशाला फॉस्फरस पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळीतच असलेलं सूत घ्या. महाग आहे, पण तिथे तेच चालतं.